बाटलीमागची यादी कोणासाठी छापली?

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना जे सुटलं ते दोन-चार ठिकाणी भरलंय, बाकी जसंच्या तसं.

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, यात इतिहास कसला? थंड पेय असो, पाकिटातलं ताक असो नाहीतर ज्यूसचा डबा, त्याच्या पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत घटकांची यादी असते. ती यादी कोणी मागितली, कधी आली आणि कोणाच्या डोळ्यांसाठी लिहिली गेली, ते आज बघायचंय. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. ती यादी पिणाऱ्यासाठी लिहिलेली नाही. ती लिहिली गेली अन्न निरीक्षकासाठी, भेसळ पकडायला. पिणाऱ्याचं पोट त्या कागदावर फार उशिरा आलं, आणि अजूनही अर्धंच आलंय.

मला हे का खटकलं, ते थोडक्यात सांगते. पोटाच्या जुन्या तक्रारीसाठी आहारतज्ज्ञ बाईंनी मला सहा आठवड्यांचा 'एलिमिनेशन डाएट' दिला. ज्यांच्यावर संशय आहे ते पदार्थ आधी सगळे बंद करायचे, पोट शांत होऊ द्यायचं आणि मग एकेक पदार्थ परत आणून कोण त्रास देतो ते बघायचं. माझ्या यादीत पहिलं नाव कांद्याचं, दुसरं लसणाचं, तिसरं गव्हाचं, मग दूध आणि काही फळं. आता मी नांदगावची. आमच्या तालुक्यात कांदा हे नुसतं पीक नाही, ते घराचं बजेट आहे. चाळीत कांदा किती, बाजार समितीत आज भाव काय, यावर सकाळचा चहा गोड की कडू ते ठरतं. आणि मी आईला सांगतेय, माझ्या भाजीत कांदा नको. आई म्हणाली, "अगं, मग भाजी कशाची करू?"

जेवणाचं आईने जमवलं. अडलं ते पिण्याच्या गोष्टींवर. एप्रिलमध्ये नांदगाव-मनमाड पट्ट्यात बाहेर पडलात तर दर तासाला काहीतरी प्यावंसं वाटतंच. घरातल्या भाजीत काय आहे ते आईला माहीत असतं, पण दुकानातल्या फ्रिजमधल्या बाटलीत काय आहे ते फक्त बाटली सांगते. ती जेवढं सांगते तेवढंच.

आपल्याकडे पथ्य नवीन नाही. 'पथ्यपाणी' हा शब्दच बघा, पाणी त्यात आहेच. पण पथ्य आणि एलिमिनेशन डाएट यांत फरक आहे. पथ्य म्हणजे वैद्याने सांगितलं ते पाळायचं. एलिमिनेशन डाएट म्हणजे प्रयोग. 1920 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचे डॉक्टर अल्बर्ट रो यांनी ही पद्धत नीट मांडली, आणि 1931 मध्ये त्यांचं फूड अ‍ॅलर्जीवरचं पुस्तक आलं. त्वचेवरच्या चाचण्या अन्नाच्या बाबतीत नेहमी भरवशाच्या नसतात, मग पदार्थच काढून बघा, असा त्यांचा सरळ हिशोब होता. अलीकडे पोटाच्या तक्रारींसाठी जो 'लो फॉडमॅप' आहार देतात, तो ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठातून 2005 च्या आसपास पुढे आला. कांदा, लसूण आणि गहू यांतली फ्रुक्टन नावाची साखळी लहान आतड्यात पचत नाही. ती मोठ्या आतड्यात जाऊन आंबते, आणि ज्यांचं आतडं हळवं आहे त्यांचं पोट फुगतं. हे अ‍ॅलर्जीपेक्षा वेगळं प्रकरण आहे. शेंगदाण्याची खरी अ‍ॅलर्जी असलेल्या मुलावर असले प्रयोग घरी करायचे नाहीत, तिथे जीवाशी गाठ असते.

जे माझ्यासारखे कोड लिहून पोट भरतात त्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. बग सापडत नाही तेव्हा आपण काय करतो? अर्ध्या गोष्टी बंद करतो आणि बघतो. पण या पद्धतीची एक अट असते. जे बंद केलं ते खरोखर बंद असायला हवं. पाचव्या आठवड्यात एका पाकिटातून गुपचूप लसूण पोटात गेला तर मागचे चार आठवडे वाया जात नाहीत, पण निकालावर भरवसा राहत नाही. म्हणून लेबल वाचायचं.

आता एका पाकिटाची गोष्ट. ब्रँड कोणता ते महत्त्वाचं नाही, कारण कायद्यानुसार त्या पाकिटात काहीही चूक नव्हती. मसाला ताक. घटकांत दह्याचं नाव, पाणी, मीठ, आणि पुढे 'स्पायसेस अँड कॉन्डिमेंट्स'. बस. जिरं? आलं? मिरची? लसूण? हिंग? मसाल्यांना असं एकत्र नाव द्यायला आपल्या नियमांत मुभा आहे. वर आणखी एक गंमत. एखादा घटक स्वतःच चार गोष्टींचं मिश्रण असेल आणि तो एकूण पदार्थाच्या पाच टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर त्याच्या आतले घटक लिहावे लागत नाहीत, त्यातली अ‍ॅडिटिव्ह तेवढी सांगावी लागतात. ताकात मसाला पाच टक्के कोण टाकेल?

हिंगाचं तर वेगळंच. कांदा-लसूण बंद केलेल्या माणसाला आहारतज्ज्ञ सांगतात, चवीला हिंग घाला. पण आपल्या फोडणीच्या डब्यातला हिंग हा बहुतेक वेळा बांधानी हिंग असतो. शुद्ध हिंग म्हणजे झाडाचा वाळलेला चीक, तो इतका उग्र असतो की डिंक, स्टार्च किंवा धान्याचं पीठ मिसळूनच विकतात. आणि हे पीठ पुष्कळदा गव्हाचं किंवा मैदा असतं. म्हणजे कांद्याऐवजी आलेल्या पाहुण्याने गहू सोबत आणला. माझ्यासारखीला चिमूटभर हिंगातला गहू कदाचित बाधणार नाही. पण सिलिअ‍ॅक असलेल्या माणसाला, ज्याच्या आतड्याला ग्लुटेनचा कणही चालत नाही, हा चेष्टेचा विषय नाही.

तर हे असं का? यादीत 'मसाले' लिहून का भागतं? याचं उत्तर यादीच्या जन्मात आहे.

लंडनमध्ये 1850 च्या दशकात आर्थर हिल हॅसल नावाच्या डॉक्टरने दुकानांतून कॉफी, साखर, लोणचं असं काय काय विकत आणलं आणि मायक्रोस्कोपखाली ठेवलं. त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट' साप्ताहिकात दुकानदारांच्या नावानिशी छापून आले. कॉफीत चिकोरी आणि पीठ, लोणच्यात तांबं. गदारोळ झाला आणि 1860 मध्ये भेसळीविरुद्धचा कायदा आला. या कायद्याचा प्रश्न एकच होता: विकणारा जे सांगतो तेच विकतो का? गिऱ्हाइकाच्या खिशाची फसवणूक आणि विषबाधा, या दोन गोष्टी त्याच्या डोळ्यांसमोर होत्या. एखाद्याला शुद्ध गहूच बाधतो, ही कल्पना त्या कायद्यात बसणारच नव्हती. तो धागा समुद्र ओलांडून आपल्याकडे आला. मुंबई इलाख्यात 1925 चा भेसळ प्रतिबंधक कायदा होता. स्वातंत्र्यानंतर देशभरासाठी 1954 चा अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा झाला आणि 1 जून 1955 पासून लागू झाला. नावातच बघा, भेसळ प्रतिबंध. आपल्या आई-वडिलांच्या पिढीने जी लेबलं पाहिली ती या कायद्याची.

त्याच 1955 सालचा फ्रूट प्रॉडक्ट्स ऑर्डर. जुन्या जॅमच्या बरणीवर किंवा सरबताच्या बाटलीवर 'एफपीओ' असा शिक्का ज्यांनी पाहिलाय, तो हाच. त्या काळची मोठी चिंता ही होती, की रंग आणि इसेन्स घातलेलं साखरपाणी फळाच्या नावाने विकलं जातंय. त्यामुळे किती फळ असलं म्हणजे स्क्वॅश म्हणायचं, हे ठरलं. ज्या सोड्यात फळाचा रस नाही, त्याचं लेबल फळाचा भास होईल असं नको, हा नियम तेव्हापासून चालत आलाय. आजही संत्र्या-लिंबाच्या चवीच्या बाटलीवर 'कंटेन्स नो फ्रूट' लिहिलेलं दिसतं ते त्याच वळणाचं. लोक यावर मीम करतात. मला मात्र आहार सुरू असताना ती ओळ वाचून बरं वाटायचं. आंबा आणि सफरचंद या दोन्ही फळांत फ्रुक्टोज जास्त, म्हणून दोन्ही माझ्यासाठी बंद होती. फळ नाही म्हणजे माझी एक काळजी कमी! फसवणूक पकडायला लिहिलेली ओळ माझ्या कामाला अशी आली.

स्क्वॅशवरून आठवलं. आपल्याकडे बचत गटांच्या बायका कोकम, आवळा, लिंबू यांची सरबतं करतात आणि प्रशिक्षणात त्यांना एक नियम पाठ करून घेतात: फिक्या रंगाच्या रसाला केएमएस, गडद रंगाच्या रसाला सोडियम बेंझोएट. केएमएस म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि तो कोकमाचा लाल रंग उडवतो, म्हणून कोकमाला बेंझोएट. स्क्वॅशमध्ये सल्फर डायऑक्साइडची मर्यादा दशलक्ष भागांत 350, आणि बेंझोइक आम्लाची 600. ही मर्यादा सर्वसाधारण माणसासाठी सुरक्षित म्हणून ठरलीय. पण दमा असलेल्या काही लोकांना सल्फाइटने धाप लागते. नाशिक जिल्ह्यात राहणाऱ्यांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं, कारण वाइनमध्येही सल्फाइट असतं आणि पिवळ्या मनुकांवरही त्याचाच धूर दिलेला असतो. अनेक वर्षं लेबलवर 'क्लास टू प्रिझर्व्हेटिव्ह' एवढंच असायचं. मीठ, साखर, व्हिनेगर हे पहिल्या वर्गातले, बेंझोएट आणि सल्फाइट दुसऱ्या. निरीक्षकाला वर्ग पुरतो. दमेकऱ्याला नाव हवं असतं.

आता काचेच्या बाटल्या. माझे बाबा सांगतात, त्यांच्या लहानपणी लग्नात गोल्ड स्पॉट मिळालं की मुलं हवेत. 1977 मध्ये कोका-कोला देशाबाहेर गेली, त्याच वर्षी थम्स अप आलं, आणि पुढची सोळा वर्षं मुंबईच्या पार्ले कंपनीच्या पेयांचा जमाना होता. 1993 मध्ये कोका-कोला परतली आणि तिने ते ब्रँड विकत घेतले. हा सगळा इतिहास यूट्यूबवर शंभर ठिकाणी आहे, मी त्यात जात नाही. मला विचाराल तर जास्त नवलाची गोष्ट वेगळीच. त्या परत करायच्या काचेच्या बाटल्यांवर घटकांची यादी छापणं सक्तीचंच नव्हतं. पुन्हा भरायच्या बाटलीला तशी सूट होती. ही सूट कधी आवळली माहितीये? 19 मार्च 2009 नंतर बनलेल्या काचेच्या बाटल्यांवर यादी आणि पोषणमूल्यं छापा, असा नियम आला. 2009! मी शाळेत होते. म्हणजे एक अख्खी पिढी काय पितोय हे न वाचता प्यायली, कारण वाचायला काही नव्हतंच.

आणि त्या बाटल्यांत काही नव्हतं असंही नाही. लिंबू-संत्र्याची चव तेलात विरघळते, पाण्यात नाही. ते तेल वर तरंगू नये म्हणून जगभर काही पेयांत ब्रोमिनेटेड व्हेजिटेबल ऑइल, म्हणजे बीव्हीओ, घालत. तेलाला ब्रोमीन जोडलं की ते जड होतं आणि पेयात पसरून राहतं, गढूळपणाही छान दिसतो. पण ब्रोमीन शरीरात साठतं. ब्रिटनने ते 1970 मध्ये काढलं. भारताने 1990 मध्ये बंदी घातली. आणि ज्या अमेरिकेकडे आपण अन्नाच्या बाबतीत आदराने बघतो, तिच्या एफडीएने परवानगी काढून घेतली ती 2024 मध्ये. इथे आपण चौतीस वर्षं पुढे होतो, हे फारसं कोणी सांगत नाही.

मग गिऱ्हाईक या काळात गप्प होतं का? नाही. मुंबईत 1966 मध्ये नऊ गृहिणींनी मिळून कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. पुण्यात 1974 मध्ये बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली, 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत आली. 1986 चा ग्राहक संरक्षण कायदा आला त्यामागे अशा लोकांचे पाय झिजलेले आहेत. पण त्यांच्या लढाया कशाच्या होत्या ते बघा: भेसळ, माप आणि भाव. रॉकेलच्या रांगेत आणि रेशनच्या दुकानात उभं असलेल्या देशात ते बरोबरच होतं. 'मला या पदार्थाने त्रास होतो' म्हणणारा माणूस तेव्हा एकटाच होता, आणि घरातलेच त्याला म्हणायचे, नखरे करू नकोस.

त्या एकट्या माणसाच्या बाजूने पहिला आवाज रंगांवरून उठला, तोही बाहेर. अमेरिकेतले अ‍ॅलर्जीतज्ज्ञ बेन फाइनगोल्ड यांनी 1970 च्या दशकात म्हटलं, की कृत्रिम रंग आणि चवी काढल्या तर काही मुलांची अतिचंचलता कमी होते. त्यांच्या दाव्यांवर पुढे खूप वाद झाला आणि बरंचसं तसंच्या तसं टिकलं नाही. पण 2007 मध्ये ब्रिटनच्या साउथहॅम्प्टन विद्यापीठाचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. होय, तेच लॅन्सेट. मुलांना काही रंग आणि सोडियम बेंझोएट यांचं मिश्रण घातलेलं पेय दिलं, आणि सरासरीने चंचलता थोडी वाढलेली दिसली. थोडी, हे महत्त्वाचं. त्यावरून 2010 पासून युरोपात असे सहा रंग वापरले तर मुलांच्या लक्ष देण्यावर परिणाम होऊ शकतो, अशी ओळ छापावी लागते. त्या सहांपैकी टारट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन आणि पाँसो फोर आर हे चार आपल्या परवानगीच्या यादीत आहेत. आपल्याकडे ती इशाऱ्याची ओळ नाही. आपल्याकडे लिहितात, 'कंटेन्स परमिटेड सिंथेटिक फूड कलर'. हा 'परमिटेड' शब्द कोणाशी बोलतोय? निरीक्षकाशी! साहेब, परवानगी आहे.

बरं, आता त्या शब्दासोबत नाव किंवा आकडा असतो. 102 म्हणजे टारट्राझिन, 110 म्हणजे सनसेट यलो, 211 म्हणजे सोडियम बेंझोएट, 224 म्हणजे वर सांगितलेलं केएमएस, 420 म्हणजे सॉर्बिटॉल. हे आयएनएस क्रमांक. युरोपातल्या ई-क्रमांकांवरून कोडेक्स या आंतरराष्ट्रीय संस्थेने ते 1989 मध्ये घेतले. भाषा कोणतीही असो, आकडा तोच. इंजिनिअर म्हणून मला ही व्यवस्था फार आवडते. पण आकडा बघून घाबरायचं नसतं, हेही सांगायला हवं. 300 म्हणजे साधं क जीवनसत्त्व आणि 330 म्हणजे सायट्रिक आम्ल, लिंबातलं. इन्स्टाग्रामवर 'नंबर दिसला की फेकून द्या' म्हणणारे रील फिरतात, ते आणि 'सगळं परमिटेड आहे' म्हणणारे, दोघंही सारखेच आळशी. माझ्यासाठी 102 चालतं, 420 चालत नाही. सॉर्बिटॉल साखर न घातलेल्या पेयांत आणि च्युइंग गममध्ये सापडतं, आणि तेही आतड्यात नीट शोषलं जात नाही. शेजारच्या मुलाचं गणित उलटं असू शकतं.

सगळ्यात गोंधळाचा शब्द मात्र आकड्यांत नाहीच. तो म्हणजे 'फ्लेवर'. नॅचरल, नेचर-आयडेंटिकल, आर्टिफिशियल, एवढंच सांगतात. आत काय, ते कंपनीचं गुपित.

कॉफीचं उदाहरण मला फार आवडतं. कॉफी-चिकोरीच्या पाकिटावर कॉफी किती टक्के आणि चिकोरी किती, हे ठळक लिहावं लागतं, आणि कॉफी 51 टक्क्यांहून कमी चालत नाही. का? कारण स्वस्त चिकोरी महाग कॉफीच्या भावाने विकली जायची, म्हणजे हॅसलच्या काळचंच दुखणं. आता योगायोग बघा. चिकोरीच्या मुळात इन्युलिन असतं, आणि इन्युलिन म्हणजे फ्रुक्टन, कांद्यातलंच भावंड. भाजताना त्यातलं बरंच मोडतं, पण संशयाच्या आठवड्यांत माझ्यासारखी 'चिकोरी 47 टक्के' वाचते आणि पाकीट परत ठेवते. खिशासाठी केलेला नियम पोटाला उपयोगी पडला. अख्ख्या लेबलवर माझ्यासाठी सर्वांत अचूक माहिती देणारी ही एक ओळ, आणि तिच्या लेखकाच्या मनात मी कुठेच नव्हते.

हिरव्या ठिपक्याचंही तसंच. 2001 च्या सुमारास शाकाहारी-मांसाहारी ठिपके आले. देशातला प्रत्येक माणूस, अक्षर ओळख असो नसो, तो ठिपका वाचतो. नंतर रंगांधळ्या लोकांना हिरवा-तपकिरी कळत नाही म्हणून मांसाहारी खुणेचा गोल जाऊन त्रिकोण आला. केवढा बारीक विचार! पण हा ठिपका धर्माचा आणि मनाचा आहे, पोटाचा नाही. दूध शाकाहारी, म्हणून व्हे पावडर घातलेल्या पेयावर हिरवाच ठिपका. दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या बाळाच्या आईला तो काहीच सांगत नाही.

2006 मध्ये नवा अन्न सुरक्षा कायदा झाला आणि 5 ऑगस्ट 2011 पासून तो लागू झाला. जुन्या कायद्याच्या नावातली 'भेसळ' गेली, 'सुरक्षा' आली. तरी खरा बदल मी 2020 च्या लेबलिंग नियमांना मानते. त्यांत अ‍ॅलर्जीकारक पदार्थ वेगळे जाहीर करणं आलं: ग्लुटेन असलेली धान्यं, कवचवाले जलचर, दूध, अंडं, मासे, शेंगदाणे आणि सुकामेवा, सोयाबीन, आणि किलोमागे दहा मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट. म्हणून आता 'कंटेन्स मिल्क, व्हीट' अशी एक ओळ यादीखाली दिसते. सिलिअ‍ॅकवाल्यांसाठी आणि दमेकऱ्यांसाठी ही ओळ म्हणजे पासष्ट वर्षांनी कोणीतरी त्यांच्याशी थेट बोललं, अशी आहे. तीळ त्या यादीत नाही. अमेरिकेत 2023 पासून आहे. कांदा-लसूण तर जगात कुठेच नाहीत आणि मी त्याची अपेक्षाही करत नाही. ते अ‍ॅलर्जीत मोडत नाहीत. पण 'मसाले' या शब्दाची फोड करून द्या, एवढं मागणं जास्त आहे का? आणखी एक पळवाट सांगते. ज्या पाकिटाचं क्षेत्रफळ शंभर चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही, त्यावर घटकांची यादी नसली तरी चालते, ती मोठ्या बाहेरच्या पाकिटावर असली की झालं. पाण्यात टाकून प्यायच्या पावडरची छोटी पुडी घेणाऱ्याने मोठं पाकीट कधी बघायचं? जो सुट्टी पुडी घेतो, तो बहुतेक वेळा तोच असतो ज्याला मोठं पाकीट परवडत नाही.

गेल्या दोन-तीन वर्षांत लेबलच्या पुढच्या बाजूवरही लोक भांडायला लागलेत, आणि मला त्याचा आनंद आहे. जून 2024 मध्ये एफएसएसएआयने सांगितलं, कॉन्सन्ट्रेटमध्ये पाणी घालून परत केलेल्या रसावर 'शंभर टक्के फळांचा रस' असा दावा काढा. आणि ऑक्टोबर 2025 मध्ये ओआरएसचं प्रकरण. हे नीट ऐका, कारण पोट बिघडलं की आपण सगळे तिकडेच धावतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या ओआरएसचं माप ठरलेलं आहे: लिटरमागे ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम, मीठ 2.6, पोटॅशियम क्लोराइड 1.5 आणि ट्रायसोडियम सायट्रेट 2.9. हे प्रमाण म्हणजेच औषध, कारण थोडी साखर आतड्यातून मीठ-पाणी ओढून घ्यायला मदत करते. साखर फार झाली की उलट पाणी आतड्यात उतरतं आणि जुलाब वाढतात. असं असताना नावात 'ओआरएस' घातलेली, सफरचंद-संत्र्याच्या चवीची, खूप जास्त साखरेची पेयं मेडिकलमध्ये बाळांच्या आयांना मिळत होती. मागे बारीक अक्षरांत 'हा डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला नाही' असं लिहायचं, आणि त्या अटीवर नियामकाने नाव चालू दिलं होतं. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ शिवरंजनी संतोष यांनी आठ वर्षं हा पाठपुरावा केला. 14 ऑक्टोबर 2025 ला एफएसएसएआयने ती परवानगी काढून घेतली. इतक्या मोठ्या संस्थेला जे दिसायला हवं होतं ते एका डॉक्टर बाईंनी आठ वर्षं ओरडून दाखवलं. बारीक अक्षरांत खरं लिहून मोठ्या अक्षरांत दुसरं विकता येतं, हे मला त्या निमित्ताने स्पष्ट दिसलं.

शेवटची गोष्ट भाषेची. लेबलवरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवी, असा नियम आहे. दुसरी भाषा वर जोडायला मनाई नाही, पण सक्तीही नाही. कंपन्या बहुतेक इंग्रजीच निवडतात. आमच्या गल्लीतल्या एका काकूंच्या नातवाला सिलिअ‍ॅक आहे. काकू रोज मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, पण बाटलीची पाठ त्यांना वाचता येत नाही. त्या मला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतात. मी झूम करून वाचते आणि मराठीत टाइप करते. परवा जिरा सोड्याचा फोटो आला. मी लिहिलं, "काकू, गहू असं कुठे लिहिलेलं नाही. खाली अ‍ॅलर्जीची ओळही नाही. पण मसाले लिहिलंय, आणि त्यात हिंग असला तर त्यात काय आहे ते कळत नाही."

त्यांचा लगेच प्रश्न आला, "मग देऊ की नको?"

बाटलीवर ग्राहक तक्रारीसाठी फोन नंबर द्यावाच लागतो. मी तो काढून दिला. काकूंनी फोन लावला, पलीकडून हिंदीत सांगितलं, मॅडम, ईमेल करा. ईमेल मी केलाय, काकूंच्या नावाने, मराठीत आणि खाली इंग्रजीत. प्रश्न एकच विचारलाय: तुमच्या मसाल्यातल्या हिंगात कोणतं पीठ आहे? उत्तर आलं की पुढच्या भागाच्या सुरुवातीला वाचून दाखवेन. तोपर्यंत नातू लिंबू सरबत पितोय, घरचं.